सिग्नलच्या हिशेबात माणूस किती?

रायपूरहून बिलासपूरकडे निघालेल्या रस्त्यावर भनपुरी लागते. आजूबाजूला कारखाने, गोदामे. पुढे बिरगाव, उरला, सिलतरा. शिफ्ट सुटली की एकीकडे लोखंड लादलेले ट्रक आणि दुसरीकडे पायी, सायकलवर घरी निघालेले ठेकेदारी मजूर. हे मजूर कोणत्या समाजांतून येतात, ते वाचकांना सांगायला नको. अशा चौकात हिरवा दिवा कोणाला किती सेकंद द्यायचा, हा प्रश्न तांत्रिक म्हणून इंजिनियरवर सोडला जातो. माझ्या मते तो आधी सामाजिक आहे.

हिशेब कसा होतो ते पाहा. चारी बाजूंनी येणारी वाहने मोजतात आणि त्यांचे 'पॅसेंजर कार युनिट' करतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९०च्या मार्गदर्शिकेत मोटार १, ट्रक २.२ ते ३.७, सायकल ०.४ ते ०.५. पायी चालणारा या कोष्टकात नाहीच. हे आकडे जात पाहून ठरवलेले नाहीत. कोणते वाहन रस्त्याची किती जागा अडवते, एवढेच ते सांगतात. खरा पक्षपात पुढे होतो. सिग्नलची फेरी किती सेकंदांची असावी, हे सांगणारे वेब्स्टरचे १९५८चे सूत्र वाहनांचा खोळंबा कमीत कमी करू पाहते. वाहनांचा, माणसांचा नव्हे. मोटारीत एकटा बसलेला मालक पूर्ण एक, सायकलवरचा फिटर अर्धा आणि चालणारी रेजा शून्य!

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेला बजावले होते की, राजकारणात आपण 'एक व्यक्ती, एक मत आणि एक मत, एक मूल्य' मानणार आणि सामाजिक-आर्थिक जीवनात 'एक व्यक्ती, एक मूल्य' नाकारत राहणार. ते नाकारणे सेकंदांत मोजायचे असेल तर चौकातल्या कंट्रोलरमधल्या वेळा वाचाव्यात.

समजा, रस्ता २४ मीटर रुंद आहे. पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरला, तर ओलांडायला २० सेकंद लागतात. बारा तास उभे राहून थकलेली बाई किंवा डोक्यावर ओझे घेतलेला म्हातारा ०.८ मीटरनेच चालेल. त्याला ३० सेकंद हवेत. सायकलचेही तेच. हिरवा संपता संपता चौकात शिरलेला सायकलवाला सेकंदाला ४ मीटरने गेला तरी ६ सेकंद घेतो. पिवळा ३ आणि सगळीकडे लाल २ सेकंद ठेवले असतील, तर तो पलीकडे पोहोचण्याआधी ट्रक सुटलेला असतो. मग बातमीत छापून येते : सायकलस्वाराची चूक.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. त्या अहवालात वय आहे, लिंग आहे, वाहन आहे. मेलेल्यांची जात नाही.

ट्रक थांबवले तर उद्योग अडेल, असे म्हणतील. पण कारखान्यात ट्रक भरणारा माणूसही उद्योगच आहे. शिवाय उपाय महाग नाही. कंट्रोलरमध्ये दिवसाच्या वेळेनुसार वेगवेगळे आराखडे भरता येतात. शिफ्ट बदलण्याच्या तासाचा वेगळा आराखडा भरा. पादचाऱ्याची वेळ ०.८ मीटरने काढा, सर्व दिशा लाल ठेवण्याची वेळ सायकलच्या वेगाने. फेरी इतकी लांबवू नका की पायी माणूस कंटाळून लालमध्येच रस्त्यावर उतरेल. मोजणी वाहनांची नको, माणसांची करा. सिंगापूरने २००९ पासून ज्येष्ठांना कार्ड दाखवून हिरवा दिवा लांबवण्याची सोय केली. म्हणजे यंत्राला माणूस ओळखता येतो, ओळखायला सांगावे लागते.

१८९३ मध्ये अय्यंकालींनी त्रावणकोरच्या सार्वजनिक रस्त्यावर बैलगाडी हाकली, तेव्हा रस्त्यावर येण्याचाच हक्क मागावा लागत होता. आज रस्त्यावर कोणी अडवत नाही, फक्त पलीकडे जायला वेळ देत नाही. म्हणून चौकाचौकातल्या सिग्नलच्या वेळा माहितीच्या अधिकारात मागवा, घड्याळ लावून तपासा, आणि वॉर्डाच्या सभेत विचारा : यात आमचे सेकंद किती?