झबलं नंतर, आधी बाळंतीण

आमच्या वाळूजच्या बजाजनगरात बाळ घरी आलं की बायका झबलं-टोपडं घेऊन पाळण्याभोवती जमतात. मी आधी बाळंतिणीला विचारते, “ताप आहे का गं? अंगावरून जास्त जातंय का?” बायका हसतात. मला अभिनेत्री स्मिता पाटील आठवते. २८ नोव्हेंबर १९८६ ला तिला मुलगा झाला. १३ डिसेंबरला, ३१ व्या वर्षी, बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीने ती गेली. तिची आई विद्याताई स्वतः परिचारिका होती. नातवाला पुढे आजी-आजोबांनी वाढवलं.

मुंबईत, अशा घरात हे घडलं. मग इथल्या कंपनीत कंत्राटावर लागलेल्या, एका खोलीत राहणाऱ्या जोडप्याचं काय? नवरा रातपाळीला, आई-सासू गावी. ताप आला तर ‘दूध उतरलं असेल’ म्हणत अंगावर काढायचा. आशा सेविका ४२ व्या दिवसापर्यंत फेऱ्या मारतात, पण रात्री उशाशी कोण?

नवऱ्याने उशाशी थांबायचं तर रजा हवी. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पितृत्व रजा १५ दिवस. खासगी कंपनीतल्या बापाला कायद्याने एकही नाही. ती पगारी रजा मिळायलाच हवी, आणि कंत्राटी कामगाराला सगळ्यात आधी.