मेपर्यंत म्हणजे नक्की कधी?

इंग्रजी महिन्यांमध्ये सगळ्यात सोपं नाव कुठलं? मे. तीन अक्षरं. फेब्रुवारीसारखा मध्येच लपलेला 'आर' नाही, ऑगस्टसारखी स्पेलिंगची भानगड नाही. शाळेत एकदा पाठ केलं की विषय संपला, असं आपण धरून चालतो. पण मंडळी, ऑफिसातल्या ईमेल्स वाचून माझं मत असं झालंय की आपल्याकडच्या भल्या भल्या इंजिनिअर्सना महिन्याचं नाव नडत नाही, नडतो तो त्याच्या आधीचा शब्द.

मराठीत आपण म्हणतो, 'मेपर्यंत काम होईल'. आणि असंही म्हणतो, 'मेपर्यंत परीक्षा चालतील'. पहिल्या वाक्यात मे ही मुदत आहे. दुसऱ्यात काहीतरी चालू राहतं आणि मेमध्ये थांबतं. 'पर्यंत' दोन्हीकडे तोच, फरक क्रियापद सांभाळून घेतं. इंग्रजीत ते ओझं आधीच्या शब्दावर पडतं. मुदत असेल तर 'बाय मे', चालू राहणारं असेल तर 'टिल मे'.

आमच्या टीममध्ये एक मुलगा होता, लातूरकडचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम. कोड असा लिहायचा की रिव्ह्यू करणाऱ्याला काही कामच उरू नये. त्याने क्लायंटला लिहिलं, 'वुई विल फिक्स धिस टिल मे'. पलीकडून प्रश्न आला: आणि मेनंतर काय, पुन्हा बिघडणार का? कॉलवर हशा पिकला. इथवर ठीक होतं हो. पण त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये त्याच्या नावापुढे 'कम्युनिकेशन वीक' असा शेरा पडला आणि ऑनसाइटला दुसराच कोणीतरी गेला. एवढ्याशा शब्दापायी!

मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. त्याचं डोकं बरोबरच चाललं होतं, फक्त मराठीतून. हिंदीतला 'तक' असाच आहे. जर्मन भाषेतला 'बिस'सुद्धा ही दोन्ही कामं करतो, आणि इंग्रजी शिकणारे जर्मन नेमके इथेच अडखळतात. (त्यांच्या ॲक्सेंटचं मात्र आपल्याला कोण कौतुक!) सॉफ्ट स्किल्सच्या नावाखाली आपल्याला दोन-दोन दिवस हस्तांदोलन कसं करावं आणि 'व्ही' कसा उच्चारावा हे शिकवतात. 'बाय' आणि 'टिल'ला दहा मिनिटं पुरतात, ती कोणी देत नाही. मग ज्याच्या घरी इंग्रजी बोलतात तो हुशार ठरतो.

असो. 'बाय मे' बरोबर लिहिलं तरी घोळ पूर्ण मिटत नाही. मे उजाडायच्या आत की मे संपायच्या आत? क्लायंट पहिलं धरतो, आपण दुसरं. म्हणून सरळ 'बाय ३१ मे' लिहावं. नुसता महिना असेल तर 'इन', तारीख आली की 'ऑन', हे तर शाळेतलंच. आणि देवनागरीत कॅपिटल लेटर नसल्यामुळे आपण महिन्याचा 'एम' बिनदिक्कत लहान टाकतो. तसा टाकला की तो महिना न राहता 'कदाचित'वाला 'मे' वाटू शकतो. डिलिव्हरीच्या वाक्यात 'कदाचित' कुणाला आवडेल?

महिना आकड्यात लिहिण्याच्या भानगडीत तर पडूच नका. ०५/०४ म्हणजे आपल्यासाठी ५ एप्रिल, अमेरिकनांसाठी ४ मे. जवळजवळ महिन्याचा फरक, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर. जावास्क्रिप्टमध्ये तर महिने शून्यापासून मोजतात, त्यामुळे तिथे मे चौथा. गंमत म्हणजे अख्ख्या वर्षात मे हा एकच महिना असा की त्याचं तीन अक्षरी आखूड नाव आणि पूर्ण नाव एकच. त्यामुळे तारखेच्या फॉरमॅटमध्ये चारऐवजी तीन 'एम' पडले असतील, तर मेमध्ये केलेल्या टेस्टिंगला पत्ताही लागत नाही. बग उघडा पडतो जूनमध्ये.

आणि 'नेक्स्ट मे'. मार्च महिन्यात कोणी 'नेक्स्ट मे' म्हणालं, तर तो दोन महिन्यांनी येणारा की पुढच्या वर्षीचा? यावर इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचंही एकमत होत नाही. तिथे आपण कशाला डोकं लावायचं, सरळ वर्ष लिहून मोकळं व्हावं.