वाटे ठरलेले आहेत, मग वसीयत कशाला?

वसीयतीचा विषय काढला की आपल्या समाजात ठरलेले उत्तर मिळते : "कुरआनने वाटे ठरवून दिलेत, आपण काय लिहायचे?" शिकलेसवरलेले लोकही हेच सांगतात. उत्तर अर्धेच खरे आहे. सूरह निसामध्ये वाटे आहेत, पण त्याच आयतींमध्ये वाटणी केव्हा करायची तेही आहे : वसीयत आणि कर्ज वजा झाल्यावर. म्हणजे माणूस काहीतरी सांगून जाईल हे धरूनच चालले आहे.

मला वाटते, थोडा दोष शब्दाचाही आहे. मराठीत 'मृत्युपत्र' म्हटले की बायको म्हणते, असे अभद्र बोलू नका. उर्दूतल्या 'वसीयत' शब्दात मरण कुठेच नाही. ताकीद देणे, सोपवणे असा त्याचा अर्थ. लग्न झालेल्या माणसाकडे सोपवण्यासारखे बरेच असते.

पहिले म्हणजे कर्ज. उधार ठेवलेली मेहरची रक्कम हे नवऱ्याच्या डोक्यावरचे कर्जच आहे. वारसांना रुपया मिळण्याआधी ते फिटले पाहिजे. आपल्याकडे मात्र मय्यत उठण्याआधी चार बायका विधवेला घेरतात आणि मेहर माफ केल्याचे तिच्याकडून वदवून घेतात. त्या घडीला ती काय बोलणार? नवऱ्याने जिवंतपणी "मेहर देणे बाकी आहे, माझ्या मालमत्तेतून आधी हे द्यावे" अशा दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या, तर तिच्यावर ही वेळ आली नसती.

दुसरी गोष्ट नातवंडांची. दोन मुलांपैकी एक मुलगा बापाच्या आधी गेला, तर सुन्नी कायद्याप्रमाणे आजोबांच्या मालमत्तेत त्याच्या लेकरांना वाटा येत नाही. हयात काका त्यांच्या आड येतो. इजिप्तने 1946 साली आणि पाकिस्तानने 1961 साली यावर कायदा केला. आपल्याकडे तसा कायदा नाही. पण जे वारस नाहीत त्यांना एक तृतीयांशापर्यंत देण्याची मुभा आजोबांना आहेच, आणि तिथे कुणाच्या संमतीची गरज नाही. विधवा सुनेलाही त्यातून देता येते. हे हातात असूनही जो आजोबा न लिहिता जातो, त्याच्या पोरक्या नातवंडांना पुढे काकाच्या दारात उभे राहावे लागते. याला मी तरी तकदीर म्हणणार नाही.

जिथे फक्त मुली आहेत तिथे मात्र वसीयत पुरत नाही, हेही सांगितले पाहिजे. समजा 24 लाखांची मालमत्ता. मागे पत्नी, दोन मुली आणि एक भाऊ. पत्नीला 3 लाख, मुलींना मिळून 16 लाख, उरलेले 5 लाख भावाला. मुली स्वतः वारस असल्यामुळे त्यांच्या नावे वसीयत केली तरी मृत्यूनंतर इतर वारसांची संमती लागते. अशा वेळी जिवंतपणी हिबा करणे हा मार्ग. त्यात तोंडाने देऊन भागत नाही, ताबाही द्यावा लागतो. केरळमधले वकील आणि अभिनेते सी. शुक्कुर यांनी तीन मुलींसाठी 8 मार्च 2023 रोजी स्वतःच्याच पत्नीशी विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवले. त्यावर वाद झाला. तो मार्ग कुणाला पटेल, कुणाला नाही. पण हिशेब त्यांनी वेळेवर केला एवढे नक्की.

आणि नॉमिनी लावला म्हणजे काम झाले, असे समजू नका. बँकेतल्या पैशाचा नॉमिनी तो पैसा घेऊन वारसांपर्यंत पोहोचवणारा माणूस, मालक नव्हे.

आपल्या कायद्यात वसीयत तोंडीसुद्धा चालते. पण तलाठी आणि बँक तोंडी शब्दावर काय करणार? साधा कागद घ्या, देणी-येणी लिहा, घराचे कागद कुठे आहेत ते लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. नोंदणी सक्तीची नाही, केली तर पुढचे भांडण कमी होते.

बायकोनेही आपली वेगळी वसीयत करावी. तिचे दागिने, तिचा पगार, माहेरहून आलेला हिस्सा तिचाच असतो. भाचीच्या शिक्षणाला द्यायचे असो की मदरशाला, एक तृतीयांशाच्या आत ती ठरवू शकते. त्यासाठी नवऱ्याची परवानगी लागत नाही.