कृष्णविवराची काळी पाच

लग्नाच्या वरातीतला ट्रंपेटवाला एकही बटण न दाबता फुंकतो, तेव्हा निघणाऱ्या स्वरांचा आधार असतो पेटीवरची काळी पाच. इंग्रजीत बी फ्लॅट. पाश्चात्त्य देशांत पन्नास-साठ फुंकवाद्यांचा बँड जमला की वाजवण्याआधी बहुधा याच स्वरावर वाद्ये जुळवतात.

आता गंमत पाहा. २००३ साली केंब्रिजच्या अँड्र्यू फॅबियन यांच्या चमूने चंद्रा दुर्बिणीतून (हे नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून) पर्सियस हा दीर्घिकांचा समूह न्याहाळला. सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षे दूर! त्याच्या मध्यावर प्रचंड कृष्णविवर आहे. भोवतीच्या तप्त वायूत, तळ्यात दगड पडल्यावर उठाव्यात तशा लाटा दिसल्या. हिशेब केला तर स्वर निघाला काळी पाच. मात्र मधल्या पांढरी एकच्या ५७ सप्तके खाली. एका लाटेला सुमारे १ कोटी वर्षे लागतात.

कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही, मग स्वर कुठून आला? तो आतून येतच नाही. आत पडण्यापूर्वी काही द्रव्य झोताने बाहेर फेकले जाते, त्याचे बुडबुडे वायूला ढकलतात. क्लॅरिनेटच्या नळीत हवा हलते, तिथे वायू; मूळ क्रिया एकच. या लाटांमुळेच तो वायू थंड होत नाही आणि तिथे नवे तारे फारसे घडत नाहीत, असे शास्त्रज्ञांना वाटते.

२०२२ मध्ये नासाने हा स्वर ऐकवला, तेव्हा ‘कृष्णविवराचा आवाज टिपला’ अशी आवई उठली. माईक कुणी नेला नव्हता. क्ष-किरणांच्या चित्रातल्या लाटा घेऊन त्या ५७ आणि ५८ सप्तके वर चढवल्या होत्या. त्या घोगऱ्या आवाजात ज्यांना मंत्र ऐकू येतात, त्यांना आमचा दुरूनच नमस्कार.

संगीतकारांना मात्र हे आयते सापडले आहे. बँडसाठी कृष्णविवरावर सिंफनी लिहायची म्हटले की ढोल-झांजांचा गडगडाट करण्याचा मोह होणारच. पण फिलिप स्पार्क यांनी २००४ मध्ये विश्वाच्या उत्पत्तीवर ‘म्युझिक ऑफ द स्फिअर्स’ ही रचना ब्रास बँडसाठी केली, तेव्हा सुरुवात एकट्या हॉर्नने केली. आम्हाला ती वाट अधिक पटते. ज्या स्वराची एक लाट कोटी वर्षांची, तिथे घाई कसली?

घरी पेटी असेल तर मुलांना काळी पाच दाबून दाखवा. एक सप्तक अर्ध्या फुटाचे धरले तर त्या स्वरापर्यंत पेटी २८-२९ फूट लांब हवी. चाळीच्या गॅलरीत खडूने आखून पाहा, पुरते का ते.