क्रीडागृह : वास्तू आणि वहिवाट

बास्केटबॉल हा मुळात छपराखालचा खेळ. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील प्रशिक्षणशाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने तो रचला. कडाक्याच्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांना व्यायाम कसा द्यावा, ही त्यांची अडचण होती. व्यायामशाळेच्या सज्जाला दोन टोपल्या ठोकल्या गेल्या आणि खेळ सुरू झाला. भारतात मात्र तो बहुतांशी उघड्या मैदानावर वाढला. वाशीम जिल्ह्यात वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो आणि मृगानंतर काळी माती पाय सोडत नाही. येथे छपराची गरज बर्फाच्या मुलखाहून कमी नाही. प्रश्न आहे तो, ते छप्पर कशा क्रमाने उभे राहावे, याचा.

या संदर्भात कॅन्सस विद्यापीठाचा इतिहास बोधप्रद आहे. नेस्मिथ तेथे १८९८ मध्ये रुजू झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. जयापजयापेक्षा शरीरशिक्षणाचे मोल त्यांना अधिक होते. १९२७ पासून तेथील सामने सभागृहात होऊ लागले. समारंभ आणि खेळ यांनी एकाच वास्तूत सुखाने संसार केला. प्रेक्षक मावेनात, तेव्हा नव्या क्रीडागृहाची निकड भासली. कोरियन युद्धामुळे पोलाद दुर्मीळ झाले होते. म्हणून आराखड्यात शस्त्रागाराची तरतूद दाखवून ते मिळविण्यात आले. नेस्मिथ यांचेच शिष्य फॉग ॲलन यांचे नाव दिलेली, १७,००० प्रेक्षकांची ही वास्तू १ मार्च १९५५ रोजी समारंभपूर्वक खुली झाली. म्हणजे नेस्मिथ यांच्या आगमनानंतर सत्तावन्न वर्षांनी! आधी खेळ, मग प्रेक्षक आणि शेवटी वास्तू, असा हा क्रम होता.

वऱ्हाडालाही हा क्रम अपरिचित नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा आरंभ १९१४ मध्ये आखाड्याच्या मातीत झाला. त्याच मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. बास्केटबॉलला ऑलिंपिकमध्ये प्रथम स्थान मिळाले तेही बर्लिनलाच. तेथील अंतिम सामना उघड्यावर, पावसाने झालेल्या चिखलात झाला आणि अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरविले. चेंडू टप्पा घेईना, तर गुण कोठून मिळणार?

अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये स्थापन झाले. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला वाशीम जिल्हा त्याच्याच कक्षेत आहे. मानोरा किंवा रिसोड येथील विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या आवारातील भव्य क्रीडागृहाचा रोजचा उपयोग काय? वर्षातून एकदा स्पर्धेपुरता. उलट खेळाच्या आखणीला जागा लागते ती अवघी २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. भोवतीची मोकळीक धरली, तरी एवढ्या जागेवर साधे उंच छप्पर घालणे हजारो आसनांच्या वास्तूपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. सहाही तालुक्यांत अशी एकेक जागा झाली, तर खेळ विद्यार्थ्याच्या दारी येईल.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने भांडवली खर्च हा अशा योजनेचा सोपा भाग होय. त्याला कोनशिला असते, उद्घाटन असते. दिवाबत्ती, डागडुजी, प्रशिक्षकाचे वेतन आणि पहारेकऱ्याचा पगार या आवर्ती खर्चाला मात्र कोनशिला नसते. म्हणून अंदाजपत्रकात त्याचीच हेळसांड होते. कुलूपबंद क्रीडागृहावर गुंतलेला पैसा वाया गेलेलाच असतो, आणि त्याची झळ प्रथम मुलींना पोहोचते. मुलांना गावाबाहेरचे माळरान तरी असते. मुलींना सुरक्षित, उजेडाची आणि ठरलेल्या वेळी उघडणारी जागाच लागते.

तेव्हा यापुढे क्रीडागृहाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत निदान दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद आणि ते रोज किती तास, कोणासाठी उघडे राहील याचे वेळापत्रक जोडणे बंधनकारक करावे. प्रवेशाच्या वेळी क्रीडाशुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्याला एवढे विचारण्याचा अधिकार निश्चितच आहे. वास्तूची किंमत तिच्या उंचीवरून नव्हे, तर तिच्या वहिवाटीवरून ठरते.