वाढच जेव्हा किडनीच्या मुळावर येते

आमच्या चाळीतले एक काका गोदीतून निवृत्त झालेले. १४ वर्षांचा मधुमेह. साखरेची गोळी कधी चुकवली नाही, पण तपासणीचे नाव काढले की म्हणायचे, "मला काही त्रास नाही, मग लघवी कशाला तपासायची?" या पावसाळ्यात त्यांचे पाय सुजले. महिनाभर शेक झाला, दुखण्याच्या गोळ्या झाल्या. शेवटी तपासले तेव्हा दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी. आता आठवड्यातून ३ वेळा डायलिसिस.

त्यांचा धाकटा मुलगा बारावी सायन्सला आहे. डॉक्टरांच्या बोलण्यातला एक शब्द त्याने नेमका धरला. "भाऊ, ग्रोथ फॅक्टर म्हणजे वाढ करणारे घटक ना? मग वाढीने किडनी खराब कशी होते?" आम्ही पडलो बी.कॉम., कारकुनीत केस पिकलेले. लगेच उत्तर देता आले नाही. मग पुस्तके चाळली, ओळखीच्या डॉक्टरांना गाठले. जे उमगले ते वाचकांपुढे ठेवतो.

एकेका किडनीत सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात. दिवसाला १८० लिटरच्या आसपास पाणी त्यांतून गाळले जाते. बहुतेक सगळे परत रक्तात जाते आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. रक्तातली प्रथिने मात्र गाळणी अडवून धरते.

आता हे वाढ घटक. एका पेशीने दुसरीला दिलेला हा निरोपच समजा : वाढ, नवी पेशी तयार कर, जखम भर. बोट कापले तर ते भरून येते ते याच निरोपांमुळे. हे घटक शोधल्याबद्दल स्टॅन्ली कोहेन आणि रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे घटक वाईट नाहीत. काम संपले की निरोप थांबला पाहिजे, एवढेच.

रक्तात वर्षानुवर्षे साखर जास्त राहिली की हा निरोप थांबत नाही. सुरुवातीला इन्सुलिनसारख्या एका वाढ घटकाचा जोर होतो, किडनी आकाराने वाढते आणि गरजेपेक्षा जास्त गाळू लागते. त्या वेळी रक्ताचा रिपोर्ट चांगलाच दिसतो! रक्तवाहिन्यांच्या वाढीचा घटक बिघडला की जाळी सैल पडते आणि अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीत झिरपते. सर्वांत घातक टीजीएफ-बीटा. तो गाळणीतल्या पेशींकडून चिवट धागे तयार करून घेतो. गटार दुरुस्त करायला आलेल्या गवंड्याने थरावर थर गिलावा चढवत गटारच बुजवून टाकावे, तसा हा प्रकार. बुजलेली गाळणी पुन्हा उघडत नाही.

मधुमेही माणसांच्या किडनीत टीजीएफ-बीटा वाढलेला असतो, हे १९९३ साली दाखवले गेले. २००० साली मधुमेही उंदरांना त्याच्याविरुद्धचे प्रतिद्रव्य टोचले, तर किडनीचे नुकसान टळले. माणसांवर असाच प्रयोग झाला, पण उपयोग दिसेना म्हणून तो थांबवावा लागला.

तरीही हात टेकण्याचे कारण नाही. रक्तदाब वाढवणारे अँजिओटेन्सिन हे द्रव्य टीजीएफ-बीटालाही चिथावते. त्याला आवर घालणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या किडनीचा ऱ्हास मंदावतात. कॅप्टोप्रिलने हे १९९३ साली दिसले, लोसार्टान आणि इर्बेसार्टानने २००१ साली. २०१९ साली कॅनाग्लिफ्लोझिन या साखरेच्या नव्या गोळीनेही तेच दाखवले. मात्र कोणती गोळी कोणाला, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. शेजाऱ्याची चिठ्ठी घेऊन दुकानात जाऊ नका.

आपण करायचे ते असे. मोठ्या वयात होणारा मधुमेह निघाला त्या वर्षापासून, आणि लहानपणी होणारा असेल तर ५ वर्षांनंतर, दरवर्षी लघवीतले अल्ब्युमिन आणि रक्तातले क्रिएटिनिन तपासावे. लघवीत १ ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या पुढे गेले की गळती सुरू झाली असे समजतात. नेहमीच्या पट्टीच्या तपासणीत ही थोडी गळती सापडेलच असे नाही, म्हणून अल्ब्युमिनची वेगळी तपासणी मागून घ्यावी. एकदा जास्त आले तर पुन्हा करून खात्री करावी. साखरेबरोबर रक्तदाब सांभाळावा. मिश्री, तंबाखू, विडी सोडावी. दुखण्याच्या गोळ्या आणि 'साखर मुळापासून घालवणारी' भस्मे मनाने घेऊ नयेत. पाय सुजायची वाट पाहू नये, ती फार उशिराची खूण आहे.

ज्यांच्या घरी डायलिसिस सुरू आहे त्यांनी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. २०१६ साली सुरू झालेल्या केंद्राच्या कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना ते मोफत मिळते.

काकूंनाही साखर आहे. पोराने परवा त्यांची लघवी तपासून आणली आणि कागद आमच्या हातात दिला. अल्ब्युमिन थोडे वाढलेले. डॉक्टरांनी पुन्हा तपासून खात्री केली आणि औषध लगेच सुरू केले. काकू म्हणाल्या, "भाऊ, यांच्या वेळी हा कागद कोणी मागितला असता तर?"

आम्ही काय बोलणार? वाचकहो, ज्या घरात साखर आहे त्या घरात हा कागद आहे का, ते आजच पाहा.