यो-योचा मालक कोण?

दोन चकत्या, मधोमध एक आस आणि बोटात अडकवायची दोरी. यो-यो म्हणजे एवढेच. अशा साध्या वस्तूची नक्कल करून कोणाला काय मिळणार, असे आपल्याला वाटेल. परंतु हौशी खेळाडूंचे यो-यो आज ॲल्युमिनियमचे असतात, त्यांत बॉल बेअरिंग असते आणि चांगल्या नगाला काही हजार रुपये मोजावे लागतात. तोच आकार, तोच रंग आणि पुष्कळदा तेच नाव घेऊन दुसरा माल फार कमी किमतीत येतो. मूळ निर्माता म्हणतो, चोरी झाली. गिऱ्हाईक म्हणते, स्वस्तात मिळाले. मग कायदा काय करतो?

माझ्या मते या वादात नक्कल आणि फसवणूक या दोन गोष्टींची गल्लत होते. कायदा या दोहोंकडे एकाच नजरेने पाहत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यासाठी यो-योचा इतिहास थोडा पाहायला हवा.

हे खेळणे कोणी शोधले, हे सांगता येत नाही. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या एका ग्रीक भांड्यावर असेच काही खेळणारा मुलगा रंगवलेला आहे. उत्तर हिंदुस्थानात त्याला चकई किंवा चकडोरी म्हणत. ब्रज भाषेतल्या कृष्णाच्या पदांत भोवऱ्याबरोबर चकडोरीही येते. अठराव्या शतकात युरोपातल्या श्रीमंतांना त्याचे वेड लागले. अमेरिकेत १८६६ साली सिनसिनाटीच्या दोघांनी पेटंट घेतले, तेही अशाच खेळण्यातल्या एका सुधारणेचे.

‘यो-यो’ हे नाव मात्र फिलिपिन्सचे. तिथून अमेरिकेत गेलेल्या पेद्रो फ्लोरेस याने १९२८ साली कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा येथे यो-यो बनवायला सुरुवात केली. दोरी आसाला घट्ट न बांधता तिचा सैल फास आसाभोवती टाकायचा, ही त्याच्या देशातली पद्धत. त्यामुळे खाली गेलेला यो-यो लगेच परत न येता तिथेच गरगरत राहतो आणि त्या अवधीत करामती करता येतात. १९३० च्या सुमारास डोनाल्ड डंकन या व्यापाऱ्याने हा धंदा नावासकट विकत घेतला. गावोगावी प्रात्यक्षिके करणारे फिलिपिनी खेळाडू पाठवून आणि स्पर्धा भरवून त्याने यो-यो घरोघरी नेला.

डंकनच्या कंपनीने ‘यो-यो’ हा शब्द ट्रेडमार्क म्हणून नोंदवला होता. तेच खेळणे विकणाऱ्या इतरांना ते नाव वापरता येईना. पुढे रॉयल टॉप्स या प्रतिस्पर्धी कंपनीशी खटला झाला. अमेरिकेच्या अपील न्यायालयाने १९६५ साली निर्णय दिला, की ‘यो-यो’ हे त्या खेळण्याचेच सर्वसामान्य नाव आहे, ते एका कंपनीच्या मालकीचे असू शकत नाही. डंकनची जाहिरातही इतकी यशस्वी झाली होती, की शब्द लोकांच्या तोंडी बसून कंपनीच्या हातून सुटला. जाहिरातींवरचा आणि वकिलांवरचा खर्च झेपेना, त्याच वर्षी कंपनीने दिवाळे काढले. ‘डंकन’ हे नाव मात्र कोणी हिरावून घेतले नाही. १९६८ साली फ्लॅम्बो कंपनीने ते विकत घेतले आणि आजही त्या नावाने यो-यो विकले जातात. खेळण्याचे नाव सर्वांचे, निर्मात्याचे नाव निर्मात्याचे, हा धडा मला फार महत्त्वाचा वाटतो.

आकाराचे काय? ‘लेगो’च्या ठोकळ्यांचे पेटंट संपल्यावर त्यांना जोडता येतील असे ठोकळे इतरांनी काढले. ठोकळ्याच्या डोक्यावरची बोंडे हीच आमची ओळख, असे लेगोचे म्हणणे होते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली आणि युरोपीय न्यायालयाने २०१० साली ते मानले नाही. ज्या आकारामुळे वस्तू चालते, त्या आकारावर ट्रेडमार्कच्या नावाखाली कायमचा ताबा देता येत नाही. पेटंटची मुदत संपली, की ती युक्ती समाजाची होते. यो-योच्या चकत्यांचा घाट तर फिरण्यासाठी आणि दोरी झेलण्यासाठीच असतो. तेव्हा त्यावर कोणाचा किती हक्क पोचणार?

आपल्याकडे २००० सालचा डिझाइन कायदा आहे. तो वस्तूच्या दिसण्याला संरक्षण देतो, कार्याला नाही. मुदत १० वर्षे, पुढे आणखी ५. अट अशी, की नोंदणीच्या अर्जाआधी ते डिझाइन कुठेही प्रसिद्ध झालेले नसावे. आधी माल बाजारात आणून मग कचेरीत जाणाऱ्याचा हक्क तिथेच बुडतो. शिवाय नुकसानभरपाईचा दावा न करता उल्लंघन करणाऱ्याकडून जी रक्कम मागता येते, तिची कमाल मर्यादा त्या कायद्याने दर उल्लंघनामागे २५ हजार आणि एका डिझाइनमागे एकूण ५० हजार रुपये ठेवली. मोठ्या नकलाकाराला ती कितीशी जाणवणार? छोट्या निर्मात्याने वर्षात चार नवे घाट काढले, तर प्रत्येकाची देशोदेशी नोंदणी करणे त्याला परवडत नाही. नकलाकाराला मात्र एक नग विकत घेऊन मापे घेतली, की काम भागते. चाचण्या, फसलेले नमुने, वाया गेलेला धातू, हा सगळा खर्च पहिल्याच्या माथी. त्याची तक्रार खोटी नाही.

तरीही आकाराला कायमचे कुलूप लावा, ही मागणी मला मान्य नाही. तसे कुलूप असते, तर फ्लोरेसलाही धंदा करता आला नसता. आग्रह धरायचा तो नावाबाबत. दुसऱ्याचे नाव कोरून विकलेला यो-यो ही नक्कल नव्हे, ती सरळ फसवणूक आहे. वर्षभर खाऊचे पैसे साठवून मुलगा तो घेतो. बेअरिंग अडखळते, चकती डगमगते आणि त्याला वाटते, आपल्यालाच जमत नाही.

आईवडिलांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. परंतु ते चिन्ह सुरक्षिततेविषयी सांगते, अस्सलपणाविषयी नाही. शिकणाऱ्या मुलाला स्वस्त यो-यो जरूर घ्यावा, त्यात कमीपणा नाही. फक्त त्यावर बनवणाऱ्याचे स्वतःचे नाव असावे. नामांकित माल अर्ध्या किमतीत दिसला, तर दुकानदाराला पावती मागावी. पावती द्यायला तो कां कू करू लागला, तर तिथून निघावे.